सोनरेखेतले खेकडे

गेल्या जूनमध्ये पुतणीला घेऊन फूलबागेत राणीच्या समाधीवर गेलो होतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत यात नवल काही नाही. आम्हीही लहानपणी बाबांचं बोट धरून 17-18 जूनला तिथे जायचो आणि तीच गोष्ट दरवर्षी तितक्याच उत्सुकतेनं ऐकायचो: 1858 चा जून, इंग्रजांचा पाठलाग, नवा घोडा, समोर सोनरेखा नाला आणि घोडा काठावर अडला तो अडलाच. इतिहासकार या प्रसंगाच्या तपशिलावर वाद घालतात, पण आमच्या घरात तो घोडा दरवर्षी तिथेच थांबतो.

मुक्ता सातवीत आहे. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "काका, मला तो नाला दाखव."

दाखवला. जवळच्या पुलावर उभं राहून खाली बघितलं. दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती, तळालाही सिमेंट, आणि मधून एक काळपट धार. नाकाला रुमाल लावून ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यात काहीतरी राहतं का?"

"काय राहणार? गटार झालंय."

"पण तू बघितलंयस का?"

नव्हतं बघितलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसभर लोकांना हेच सांगत असतो की 'मला वाटतं' म्हणू नका, लॉग दाखवा. आणि ज्या नाल्याच्या काठानं शाळेला, कोचिंगला, पुढे इंजिनिअरिंग कॉलेजला गेलो, त्याच्याबद्दल माझ्याकडे होतं ते फक्त 'मला वाटतं'.

घरी जेवताना विषय निघाला. बाबांचं मत ठाम होतं. "अरे, तो नालाच. राणीच्या वेळीही नालाच म्हणायचे. हे स्वर्णरेखा नदी वगैरे कागदावरचं नाव." मी म्हटलं, नाव काहीही असो, हनुमान बांधाकडून पाणी येतं, लश्करातून वाहतं, पुढे जातं, म्हणजे ती नदीच. बाबा म्हणाले, "पाणी कुठे येतं? पावसाळा सोडला तर येतो तो आपला सगळ्यांचा मैला." इथे ते अगदी बरोबर होते, म्हणून मी गप्प बसलो.

तेवढ्यात आजी बोलली. आजी 87 वर्षांची आहे. हल्ली तिला आजचं जेवण झालं की नाही हे आठवत नाही, पण 1945 सालच्या गोष्टी ती काल घडल्यासारख्या सांगते. ती म्हणाली, "खेकडे होते त्यात."

सगळे थांबले.

"माझा भाऊ धरायचा. दगड उचलून. पायाला दोरा बांधून घरी आणायचा आणि आईचा मार खायचा. आपल्यात कोण खातं ते! पण त्याला हौस. परत सोडायला मी जायची बरोबर."

मुक्तानं वही आणली आणि तारीख घालून हे लिहून घेतलं. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण आमच्या सर्वेक्षणातली पहिली नोंद हीच होती.

आता थोडं शास्त्र. पाण्याची तब्येत बघायची म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बाटली येते: पाणी भरा, प्रयोगशाळेत पाठवा, आकडे येतील. ते आकडे लागतातच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीप्रमाणे उघड्यावर आंघोळ करण्याजोग्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन हवा, आणि मासे व वन्यजीव यांच्यासाठी किमान 4. पण बाटली फक्त त्या एका क्षणाचं सांगते. सोमवारी सकाळी पाणी भरलं आणि घाण रविवारी रात्री सोडली असेल, तर बाटलीला त्याचा पत्ताच नाही. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर जिवंत आहे का हे दिवसातून एकदा विचारायचं आणि बाकीचे तेवीस तास काय झालं ते देवावर सोडायचं.

पाण्याच्या तळाशी राहणारे किडे मात्र कुठे जाऊ शकत नाहीत. चतुर आणि टाचणी हे किडे आपण हवेत उडताना बघतो, पण त्यांचं बालपण पाण्यात जातं, काहींचं महिनोन्‌महिने. मेफ्लाय नावाचा एक नाजूक किडा आहे. त्याला आपल्याकडे घराघरात माहीत असलेलं नाव मला सापडलं नाही, म्हणून इंग्रजीच वापरतो. तो पंख फुटल्यावर तासाभरापासून फार तर काही दिवस जगतो, पण त्याआधीचं सगळं आयुष्य पाण्याखालच्या दगडाला चिकटून काढतो. त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले असतात. पाण्यातला ऑक्सिजन घसरला की त्याच्या बहुतेक जाती आधी जातात. म्हणजे नोव्हेंबरात एखाद्या दगडाखाली मेफ्लायची पिल्लं दिसली, तर गेल्या कित्येक आठवड्यांत या पाण्यात फार मोठा घोटाळा झालेला नाही, अशी साक्ष मिळते.

याच्या उलट टोकाला असतात रक्तकिडे. डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या एका माशीच्या या अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लालभडक दिसतात आणि जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या चिखलातही तग धरतात. तसेच बारीक दोऱ्यासारखे तांबडे कृमी. डोकं चिखलात, शेपूट वर, आणि ती शेपूट हलवत जेवढा मिळेल तेवढा ऑक्सिजन ओढायचा. मत्स्यालयवाले हेच कृमी माशांचं खाद्य म्हणून विकतात.

कोण कुठे राहू शकतं यावरून पाण्याची प्रत ठरवायची ही कल्पना जुनी आहे. कोल्कविट्झ आणि मार्सोन या दोघांनी जर्मनीत 1908-09 मध्ये ती पद्धतशीर मांडली. पुढे ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात किड्यांच्या कुळांना 1 ते 10 गुण देण्याची रीत बसवली गेली. नाजूक कुळाला 10, कसंही जगणाऱ्या कृमींना 1. आपल्या केंद्रीय मंडळानंही त्याच धर्तीची पद्धत घेतली आहे. दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांसाठी याचं सोपं रूप केलं आहे, मिनिसॅस नावाचं. त्यात कुळं ओळखायची गरज नाही, फक्त तेरा गट. प्रत्येक गटाला ठरलेले गुण. जे गट सापडतील त्यांच्या गुणांची बेरीज करायची आणि गटांच्या संख्येनं भागायचं. सातवीतल्या मुलीला आणि किड्यांमधलं काही न कळणाऱ्या इंजिनिअरला झेपेल असं हेच होतं.

आम्ही पावसाळा जाऊ दिला. पुरात तळ खरवडून निघतो, त्यामुळे लगेच तपासलं तर चांगला ओढाही ओसाड वाटतो. आणि आपल्या बाजूचे छोटे ओढे उन्हाळ्यात आटतात, तो काही आजार नव्हे, तो त्यांचा स्वभाव. दिवाळीनंतरचे दिवस बरे. मी सुट्टीवर घरी होतोच.

सामान असं जमवलं: आईची मैद्याची चाळणी (न विचारता घेतली, परत करता आली नाही), मच्छरदाणीच्या जाळीची काठीला बांधलेली झोळी, दोन पांढरे पसरट ट्रे, बर्फाचा रिकामा ट्रे, मुक्ताचा चित्रकलेचा ब्रश, चमचा, भिंग, गमबूट. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं थेंब टाकून रंग बघायचं किट ऑनलाइन मागवलं. सगळ्यात उपयोगी निघाला बर्फाचा ट्रे. प्रत्येक खणात एक जात टाकायची, म्हणजे चतुराचं पिल्लू बाकीच्यांना खाऊन टाकत नाही. हे अनुभवानं सांगतोय.

पहिली जागा तिघऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटीगावच्या जंगलाकडून येणारा एक ओढा. गावकऱ्यांना नाव विचारलं तर म्हणाले, "नाला है, भैया." म्हणजे इथेही नालाच! वनखात्याच्या चौकीवर विचारून, अभयारण्याच्या हद्दीबाहेरच थांबलो. सकाळी बेडई खाऊन निघालो होतो, पोचलो तेव्हा उन्हं नुकती पाण्यावर आली होती.

पद्धत अशी. वाहत्या, उथळ, दगडगोट्यांच्या जागी उभं राहायचं. झोळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची आणि तिच्यापुढचे दगड पायानं ढवळायचे. तळाचे जीव सुटतात आणि वाहत झोळीत येतात. मग काही दगड हातानं उचलून त्यांची खालची बाजू ब्रशनं ट्रेमध्ये झटकायची. सगळं मिळून पाचेक मिनिटं. ट्रेमध्ये ओतलं की आधी वाटतं की नुसता पाचोळा आहे. थांबायचं. एका मिनिटानं पाचोळा चालू लागतो.

मुक्ता किंचाळली तेव्हा मला वाटलं साप. होती काडी. काडीला पाय फुटले होते. कॅडिसची अळी वाळूचे कण, काटक्या तोंडातल्या रेशमानं जोडून स्वतःभोवती नळी बांधते आणि ती नळी घेऊन फिरते. एका अळीनं आपल्या नळीला एक चकाकता अभ्रकाचा कण लावला होता. मुक्तानं तिच्यासाठी बर्फाच्या ट्रेचा कोपऱ्यातला खण राखून ठेवला.

मेफ्लाय दोन प्रकारचे मिळाले: पोहणारे छोटे, आणि दगडाला चिकटून राहणारे चपटे, ज्यांचं अंग जणू इस्त्री केलेलं. तीन शेपट्यांवरून मेफ्लाय ओळखायचा, पण टाचणीच्या पिल्लालाही मागे तीन पानं असतात, तिथे आमची बराच वेळ फसगत झाली. शेवटी नियम बनवला: कल्ले पोटाच्या कडेला तर मेफ्लाय, शेपटीलाच पानं तर टाचणी. चतुराच्या पिल्लाला चमच्यानं डिवचलं तर ते मागून पाण्याची पिचकारी सोडून रॉकेटसारखं पुढे सटकलं. ही पोहायची त्याची नेहमीची आणीबाणीची रीत. पाण्यावर पाणनिवळ्या होत्या, ट्रेमध्ये पाणभुंगेरे, शंखवाल्या गोगलगायी, माश्यांच्या काही अळ्या.

आणि एक मोठा दगड दोघांनी मिळून उलटला, त्याखाली खेकडा. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, तपकिरी, नांग्या उगारून उभा. मुक्तानं आजीसाठी त्याचे अकरा फोटो काढले.

एकूण नऊ गट सापडले. गुण: पोहणारे मेफ्लाय 5, बाकीचे मेफ्लाय 11, टाचणी 4, चतुर 6, पाणढेकूण-भुंगेरे 5, कॅडिस 9, खेकडे-कोळंबी 6, गोगलगाय 4, माश्यांच्या अळ्या 2. बेरीज 52, भागिले 9, म्हणजे 5.8.

मी तक्ता काढला आणि निराश झालो. त्यांच्या तक्त्यात हा आकडा काही पहिल्या वर्गात बसत नाही. इतका सुंदर ओढा आणि निकाल हा? घरी आल्यावर वाचलं तेव्हा कारण कळलं. त्या यादीत सर्वांत जास्त, 17 गुण आहेत स्टोनफ्लायला, आणि तो किडा थंड, खळाळत्या पाण्याचा शौकीन. ग्वाल्हेरच्या सपाटीवर, जिथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि ओढा कोरडा पडतो, तिथे तो नाही भेटला यात ओढ्याचा दोष काय? गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: 20 अंशांना लिटरमध्ये फार तर 9.1 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. परगावची फूटपट्टी आपल्या ओढ्याला लावताना एवढं भान ठेवायला हवं. खरा उपयोग जागांची आपापसांत तुलना करण्यात आहे, आणि तीच जागा दरवर्षी पुन्हा बघण्यात.

मला स्वतःला दुसरं एक माप जास्त आवडलं, कारण ते प्रोग्रॅमरच्या हृदयाच्या जवळचं आहे. केंद्रीय मंडळाच्या पद्धतीत गुणांच्या जोडीला वैविध्यही मोजतात. ट्रेमधले जीव जसे हाती येतील तसे एकामागून एक उचलायचे. नवा जीव आधीच्यासारखाच असेल तर मोजणी तिथेच, वेगळा असेल तर एक वाढवायचा. शेवटी त्या आकड्याला एकूण जीवांनी भागायचं. नावं माहीत नसली तरी चालतं, 'तसाच' की 'वेगळा' एवढं कळलं की झालं. जंगलातल्या ओढ्यात 60 जीवांमध्ये 41 बदल आले, म्हणजे 0.68. सगळे वेगवेगळे असतील तर हा आकडा 1 होतो, सगळे एकसारखे असतील तर शून्याला टेकतो.

मोजून झाल्यावर सगळे जीव होते तिथे सोडले. मुक्ता हे फार काटेकोरपणे करते.

दुसरी जागा तिघरा धरणाच्या खाली, सांक नदीच्या पात्रात. तिघऱ्याबद्दल इथल्या मुलांना एवढं तरी माहीत हवं की माधवराव शिंद्यांच्या काळात 1916 मध्ये झालेलं हे धरण वर्षभरातच, ऑगस्ट 1917 मध्ये, फुटलं आणि ते पुन्हा उभारावं लागलं. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरलं होतं. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे नंतर इथेही बसवले होते, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगायला बरं पडतं. आजही शहर पितं ते मुख्यतः तिघऱ्याचं पाणी.

धरणाखाली डबकी होती, काठाला शेवाळ, गुरं पाण्यात. दुपारी किट काढलं तर ऑक्सिजन 9 च्या आसपास! झकास, म्हटलं. पण मेफ्लाय फक्त छोटे, चपटा एकही नाही, कॅडिस नाही, जळवा मात्र दोन. गुणांची सरासरी 4.25. रसायन म्हणतं उत्तम, किडे म्हणतात बेताचं. कोण खोटं बोलतंय?

मी दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच स्कूटर घेऊन गेलो. थंडी होती, आई ओरडली. उजाडायच्या आत पाणी तपासलं: ऑक्सिजन जेमतेम 4. दोघंही खरं बोलत होते. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच तो वापरतं. दुपारी बाटली भरणाऱ्याला कधीच कळणार नाही की पहाटे इथे जिवांचा श्वास कोंडतो. चपट्या मेफ्लायला ते कळलेलं होतं.

तिसरी जागा सोनरेखा. इथे मुक्ताला खाली उतरू दिलं नाही, ती आणि बाबा काठावर. बाबा का आले हे त्यांनी सांगितलं नाही. मी गमबूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, मास्क घालून उतरलो. कुणी वाचून हे करायचं ठरवलं तर मैलापाण्यात हौस म्हणून उतरू नका, काठावरून लांब काठीच्या झोळीनं काम भागतं. मीही पुढच्या वेळी तेच करणार आहे.

पहिली अडचण अशी आली की ढवळायला दगडच नव्हते. पाय सिमेंटवर घासत होता. झोळीत आलं ते प्लास्टिक, केस, निर्माल्य आणि भिंतीच्या कडेला साचलेला काळा गाळ. गाळ ट्रेमध्ये घेतला, काठावर आणला. एक मिनिट थांबलो. मग तो हलायला लागला.

"आहे! आहे काहीतरी!" मुक्ता ओरडली. रस्त्यावरचे दोन-तीन लोक वाकून बघायला लागले. तांबडे दोरे वळवळत होते, शेकड्यांनी, आणि त्यांत थोडे रक्तकिडे. आणि एक भुरकट अळी, तिला अंगापेक्षा लांब शेपटी. ती शेपटी म्हणजे खरं तर श्वासाची नळी. पाण्यात श्वास घेण्याजोगं काही उरलेलं नसल्यामुळे ती नळी वर हवेत काढून जगते, पोहताना आपण तोंडात धरतो तशी.

गट दोन: कृमी 2 आणि माश्यांच्या अळ्या 2. सरासरी 2. वैविध्याची मोजणी 60 जीवांत 5 बदल, म्हणजे 0.08. ऑक्सिजनच्या किटनं रंगच दाखवला नाही.

एका बघ्यानं विचारलं, सरकारी आहात का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "फिर क्या फ़ायदा?" आणि गेला.

त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता थोडं देता येईल. सोनरेखेचा विषय काही दुर्लक्षित नाही. तिच्यावर पैसे खर्च झाले, पात्र बांधून काढलं, वरून उन्नत मार्ग काढला जातो आहे, उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे जनहित याचिका आहे. शेजारच्या मुरार नदीसाठीही नमामि गंगेतून काम मंजूर झालं. चर्चा नेहमी मैलापाणी अडवण्याची होते आणि ती व्हायलाच हवी, त्याआधी बाकी सगळं व्यर्थ. पण ट्रे हातात घेऊन उभं राहिल्यावर मला जे दिसलं ते कुठल्या पाण्याच्या अहवालात मला दिसलं नसतं. उद्या जादू झाली आणि तिघऱ्याचं स्वच्छ पाणी या पात्रातून सोडलं, ऑक्सिजन 8 आला, तरी चपटा मेफ्लाय चिकटणार कशाला? कॅडिस वाळू आणणार कुठून? खेकडा कुठल्या दगडाखाली जाणार? आपण पाणी घाण केलं हे सगळ्यांना कळतं, पण घरही पाडलं हे लक्षात येत नाही. सिमेंटचा तळ पूर वाहून न्यायला सोपा आणि दिसायला स्वच्छ, म्हणून तो करणाऱ्यांना वाईट हेतूचे म्हणवत नाही. मला फक्त वाटतं की नकाशा काढताना त्या टेबलाभोवती एकानंही कधी दगड उलटून बघितलेला नसावा.

काही लोक म्हणतील की साठ-सत्तर किलोमीटरवर चंबळ आहे, तिथे घडियाल आहेत, कासवं आहेत, डॉल्फिन आहेत, जीवाजी विद्यापीठानं त्यांच्यावर किती अभ्यास केला, आणि तुम्ही किड्यांमागे लागलात. मला चंबळचा अभिमान आहेच. पण घडियाल बघायला वर्षातून एकदा जायचं, तेही गाडी काढून. सोनरेखा रोज ओलांडायची.

बाबांनी परत येताना एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. "हनुमान बांधाच्या लगेच खाली, जिथे सिमेंट सुरू व्हायच्या आधीचा तुकडा आहे, तिथे बघितलंस?" नव्हतं. पुढच्या रविवारी तिघं गेलो. कचरा तिथेही आहे. पण काठाला माती आहे, गवत आहे, थोडे दगड आहेत. मिळालं काय? टाचणीची चार पिल्लं, पाणनिवळ्या, गोगलगायी, भरपूर अळ्या आणि कृमी. टाचणी 4, पाणनिवळ्या 5, गोगलगाय 4, कृमी 2, माश्यांच्या अळ्या 2: सतरा भागिले पाच, 3.4. मुक्तानं आकडा मोठ्यानं वाचला आणि बाबा म्हणाले, "दोनपेक्षा बरा." बोर्डाच्या परीक्षेत माझे मार्क बघून ते असंच म्हणाले होते.

ज्यांना आपल्या गावी हे करावंसं वाटेल, त्यांनी खुशाल करावं. इंदूरला, भोपाळला, झाशीला, सागरला आपली घरं आहेत आणि प्रत्येक गावाला एक अशी सोनरेखा आहे. पुण्यात जीवितनदीची मंडळी लोकांना नदीकाठी फिरवून नदी बघायला शिकवतात. अमेरिकेत एका संस्थेनं 1969 पासून सामान्य नागरिकांना ओढ्यांतले किडे मोजायला लावलं आहे. दोन जागा निवडा, एक गावाच्या वर, एक गावाच्या खाली. वर्षातून दोनदा जा, दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी. आणि घरात जे सर्वांत वडीलधारं माणूस असेल त्याला आधी विचारा की तुमच्या लहानपणी त्या पाण्यात काय होतं. हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका.

मुक्तानं हे सगळं शाळेच्या प्रकल्पात मांडलं. तिला अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले, कारण रंगीत चित्रांऐवजी तिनं किड्यांचे फोटो लावले होते आणि तपासणाऱ्या बाईंना ते बघवले नाहीत. ती दोन दिवस रुसली होती. आता होळीच्या आधीच्या फेरीची तयारी करते आहे. नवी चाळणी तिनं आईकडून रीतसर मागून घेतली आहे.

आजीला खेकड्याचे फोटो त्याच रात्री दाखवले होते. तिनं चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला. मुक्ता तिच्या खांद्यावरून बघत होती.

"हा कुठला?"

"तिघऱ्याच्या वरचा, पणजी. जंगलातला."

"तरीच." आजीनं मोबाइल परत दिला. "आपल्या नाल्यातला काळा असायचा. आणि एक नांगी मोठी."

मुक्तानं वही उघडली आणि 'खेकडे' लिहिलं होतं त्यापुढे कंसात लिहिलं: काळा, एक नांगी मोठी.